सोरॉरिटीची पन्नास वर्षांची सेवा म्हणजे नेमके काय?

आपण विचारले आहे, की अमेरिकेत शिकणाऱ्या आपल्या पुतणीच्या एक कृष्णवर्णीय शिक्षिका निवृत्त झाल्या, त्यांच्या गौरवपत्रात शाळेतील कामाइतकीच जागा ‘सोरॉरिटीच्या पन्नास वर्षांच्या सेवे’ला दिली होती, तर कॉलेजातील मुलींच्या एका क्लबाचे एवढे कौतुक कशासाठी? मीही शिक्षिका होते आणि मलाही हा प्रश्न पडला होता. माझी मुलगी बर्कलीला शिकत असताना ज्या वसतिगृहात राहत असे, त्याचे नाव ‘आयडा लुईस जॅक्सन ग्रॅज्युएट हाउस’. या बाई कोण, एवढ्याच कुतूहलाने मी वाचायला घेतले आणि या प्रश्नाचे उत्तर मला त्यांच्या चरित्रात मिळाले. म्हणून त्यांच्याच उदाहरणाने सांगते.

सोरॉरिटी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर येतात त्या सिनेमातील मेजवान्या आणि नटूनथटून मिरवणाऱ्या मुली. कृष्णवर्णीय स्त्रियांच्या सोरॉरिटींचा इतिहास मात्र फार वेगळा आहे. त्यांतील पहिली, अल्फा कप्पा अल्फा, १५ जानेवारी १९०८ रोजी वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात स्थापन झाली. १९२२ मध्ये इंडियानापोलिसला सुरू झालेली सिग्मा गॅमा रो तर सात शिक्षिकांनीच उभी केली. त्या काळी शिकलेल्या कृष्णवर्णीय मुलीला नोकरी मिळाली तर ती बहुधा शाळेतच, आणि ज्या गावी ती जाई तेथील गोऱ्या स्त्रियांच्या मंडळांत तिला प्रवेश नसे. त्यामुळे पदवीनंतरही सभासदत्व कायम राहावे, गावोगावी पदवीधरांच्या शाखा असाव्यात, सर्वांनी वर्गणी भरावी आणि त्या बळावर काम उभे करावे, अशी घडी बसत गेली. आपल्या पुतणीच्या बाईंची पन्नास वर्षे ही बहुतांशी अशाच शाखेतली असणार.

आयडा जॅक्सन यांचा जन्म १९०२ सालचा, अमेरिकेच्या दक्षिणेकडील मिसिसिपी राज्यातील व्हिक्सबर्गचा. आठ भावंडांतील शेंडेफळ आणि एकुलती एक मुलगी. १९१८ मध्ये कुटुंब कॅलिफोर्नियात ओकलंडला आले. १९२० मध्ये त्या बर्कलीच्या विद्यापीठात दाखल झाल्या, तेव्हा एवढ्या मोठ्या विद्यापीठात कृष्णवर्णीय विद्यार्थी होते अवघे सतरा, त्यांत मुली आठ. पुढच्याच वर्षी त्यांनी मैत्रिणींसह अल्फा कप्पा अल्फाची शाखा काढली. ‘ब्लू अँड गोल्ड’ या विद्यापीठाच्या वार्षिकांकात शाखेचे छायाचित्र यावे म्हणून या मुलींनी ४५ डॉलर भरले, नीटनेटके कपडे घालून छायाचित्रही काढून घेतले. अंक हाती आला, तर त्यात त्यांचे पान नव्हते. जाब विचारल्यावर सांगण्यात आले, की या मुली विद्यार्थिवर्गाचे प्रतिनिधित्व करत नाहीत. वर्गणीतून पै पै जमवून भरलेले ते पैसे आणि पाने उलटून उलटून शोधणाऱ्या त्या मुली हे चित्र माझ्या मनातून आजही जात नाही.

पदव्युत्तर शिक्षण झाल्यावरही ओकलंडच्या शाळांत त्यांना लगेच जागा मिळाली नाही. आधी कॅलिफोर्नियाच्याच दूर दक्षिणेकडील एल सेंट्रो येथे शिकवावे लागले. १९२६ मध्ये त्या ओकलंडच्या सार्वजनिक शाळांतील पहिल्या कृष्णवर्णीय शिक्षिका झाल्या.

१९३४ मध्ये त्या सोरॉरिटीच्या राष्ट्रीय अध्यक्ष होत्या. संघटनेचे बळ कोठे लावावे याविषयी त्यांच्या मनात संदेह नव्हता, कारण मिसिसिपीतील कृष्णवर्णीयांची हलाखी त्यांनी लहानपणी पाहिली होती. त्या उन्हाळ्यात होम्स काउंटीतील लेक्सिंग्टन येथे त्यांनी ग्रामीण शिक्षकांसाठी वर्ग भरवले. ज्या शिक्षकांनी स्वतःच जेमतेम शालेय शिक्षण घेतले होते, त्यांना शिकवायचे होते. ग्रंथालयासाठी अडीच हजारांहून अधिक पुस्तके गोळा केली. पण तेथे त्यांच्या लक्षात आले, की आजारी आणि अर्धपोटी मुलांपुढे चांगला शिक्षक उभा करूनही भागत नाही. मला त्यांचा सर्वांत मोठा गुण हाच वाटतो, की स्वतः शिक्षिका असूनही त्यांनी आधी डॉक्टर आणायचे ठरवले.

१९३५ च्या उन्हाळ्यात सोरॉरिटीच्याच सभासद डॉ. डोरोथी फेरेबी यांच्या नेतृत्वाखाली डॉक्टर, परिचारिका आणि शिक्षिका स्वतःच्या मोटारी चालवत वॉशिंग्टनहून मिसिसिपीला पोहोचल्या. गावात दवाखाने उघडायचे ठरले होते. परंतु कापसाच्या मळ्यांचे मालक आपल्या मजुरांना गावात येऊ देईनात. अर्धेलीने राबणारी ही माणसे बाहेरच्या सुशिक्षित स्त्रियांशी बोलली तर काय होईल, ही त्यांची धास्ती. तेव्हा या स्त्रियांनी मोटारींचेच दवाखाने केले आणि त्या मळ्यांवर गेल्या. औषधे आणि लशी गाडीतून काढायच्या आणि मुलांना देवी आणि घटसर्पाच्या लशी टोचायच्या, हे काम त्यांनी मुकादमांच्या डोळ्यांदेखत केले. कमरेला पिस्तूल लावलेले हे मुकादम आपला घोडा मुद्दाम जवळून नेत, बायाबापड्यांना काय विचारले जात आहे ते कान देऊन ऐकत. शिक्षिकांची उन्हाळ्याची सुटी विश्रांतीची असते, हे मी अनुभवाने सांगते. यांनी ती तेथे घालवली आणि हे काम पुढेही अनेक उन्हाळे चालू ठेवले.

१९३६ मध्ये अध्यक्षपद संपले. जॅक्सनबाई १९५३ पर्यंत ओकलंडला शिकवत राहिल्या. १९७९ मध्ये त्यांनी मेंडोसिनो काउंटीतील आपली जमीन विद्यापीठाला दिली. तिच्या उत्पन्नातून कृष्णवर्णीय पदव्युत्तर विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या मिळाव्यात, ही त्यांची इच्छा होती. ज्यांच्या वार्षिकांकात त्यांना पान मिळाले नव्हते, त्याच विद्यापीठाला! १९९६ मध्ये त्या गेल्या आणि २००४ मध्ये वसतिगृहाला त्यांचे नाव मिळाले.

आपल्या पुतणीच्या बाई कोणत्या सोरॉरिटीच्या, हे आपण लिहिलेले नाही. निरोप समारंभाला त्यांच्या मैत्रिणी गुलाबी आणि हिरव्या रंगांचे कपडे घालून आल्या असतील, तर ती अल्फा कप्पा अल्फाच असण्याची शक्यता बरीच आहे. पुतणीला एवढे मात्र जरूर सांगा, की बाईंना भेटून त्यांच्या शाखेने या पन्नास वर्षांत काय काय केले ते विचार, आणि हातात वही घेऊन बस.