तलावालाही ओहोटी असते

प्रश्न : दिवाळीनंतर रत्नागिरीकडे मावसभावाकडे गेलो होतो. सकाळी ओहोटीला निघालो ते संध्याकाळपर्यंत किनाऱ्यानं चालत पक्षीच बघत राहिलो, लय मजा आली. आता गावी आल्यावर वाटतं, आपल्याकडे समुद्र नाही तर असं दिवसभर चालून पक्षी कुठं बघायचे?
– एक वाचक, ता. अर्जुनी मोरगाव

उत्तर : भाऊ, तुम्ही तर गोंदियात, तलावांच्या जिल्ह्यात राहता! समुद्रावर पाणी मागं गेलं की चिखल उघडा पडतो आणि त्यातले किडे, अळ्या, शंख खायला पक्षी उतरतात, बरोबर ना? मग आपल्या मामा तलावांचंही (माजी मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजारांच्या काळातले गावतलाव) तेच होतं, फक्त तिकडची ओहोटी सहा तासांची आणि इकडची चार महिन्यांची. पावसाळ्यात तुडुंब भरलेला तलाव जानेवारीपासून उतरायला लागतो, पाणी धानाला जातं, उरलेलं ऊन पितं, आणि मार्चपर्यंत काठाला गाळाचा रुंद पट्टा निघतो. तुम्ही किनाऱ्यावर शेपटी सारखी खालीवर हलवणारा तुतवार बघितला असेल, तो हिवाळ्यात आपल्या गाळावरही असतो. सोबत गुलाबी लांब पायांचा शेकाट्या, टिटवी, कमळाच्या पानांवरून चालणारा कमळपक्षी. खोल पाण्यात टिबुकली आणि हळदी-कुंकू बदक, चोचीचं टोक पिवळं अन् बुडाशी दोन लाल ठिपके, नाव ठेवणाऱ्यानं काय नजरेनं बघितलं असेल!

आता चालायचं कसं. एकाच मोठ्या तलावाला धावत फेरी मारू नका, जवळजवळचे दोन-तीन तलाव आणि मधल्या धानाच्या बांध्या (बांध घातलेली भातशेतं) धरून 8-10 किलोमीटरचा रस्ता ठरवा. सकाळी पूर्वेच्या काठानं चाला म्हणजे ऊन पाठीशी राहतं, दुपार तलावाच्या पाळीवरच्या, म्हणजे बांधावरच्या झाडाखाली शिदोरी खात काढा आणि उतरत्या उन्हात पश्चिमेचा काठ धरा. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत पायी शिरायचं नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

मागच्या फेब्रुवारीत मी एका पाळीखाली अर्धा तास बसूनच होतो. समोर उघड्या चोचीचा करकोचा गुडघाभर पाण्यात चोच खुपसून चाचपत होता, मग एक शंख निघाला, त्यानं तो गाळावर दाबून धरला, चोचीचं टोक आत घालून मांस ओढून काढलं आणि कवच तिथंच टाकलं. नंतर जाऊन बघितलं तर तशी रिकामी कवचं पंधरा-वीस पडली होती, बहुतेक न फुटलेली. तसे शंख दिसले की थांबा, करकोचा तिथं परत येतो.

आणि सारस. महाराष्ट्रात उरलेले सारस मुख्यतः तुमच्याच गोंदिया जिल्ह्यात आहेत, माणसाएवढा उंच पक्षी, बहुधा जोडीनंच फिरतो. बांधीत दिसला तर फोटोसाठी एक पाऊलही पुढं टाकू नका, तो मान वर करून बघायला लागला म्हणजे आपण आधीच जास्त जवळ गेलो.

प्रश्न : दुर्बीण कोणती घेऊ?

उत्तर : 8x42, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची भिंग 42 मिलिमीटरची. यापेक्षा जास्त पॉवरची घेतली तर हात हलतो अन् पक्षी नीट दिसत नाही. आणि निघायच्या आदल्या दिवशी गावातल्या ढिवर (मासेमारी करणाऱ्या) बांधवांना विचारा, कोणत्या तलावाचा गाळ उघडा पडला ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.