ऑनलाइन चाचणीत २३ पैकी १७ गुण आले. म्हणजे मी दैववादी आहे का?

नाही हो. १७ वरून एवढंच कळतं, की चाचणी देताना 'हे आपल्या हातात नाही' अशा अर्थाचं विधान तुम्ही १७ वेळा निवडलंत. विभाग बंद होऊन नोकरी गेली आणि दोन महिन्यांनी चाचणी दिली, असंही तुम्ही लिहिलंय. त्याकडे शेवटी येतो.

२३ गुणांची चाचणी म्हणजे ती मानसशास्त्रज्ञ ज्युलियन रॉटर यांची १९६६ सालची असणार, किंवा तिची नक्कल. आपल्या आयुष्याचा ताबा आपल्याकडे आहे की बाहेर कुठेतरी, याबद्दल माणसाला काय वाटतं हे ती मोजते. मूळ चाचणीत विधानांच्या २९ जोड्या आहेत आणि दर जोडीतलं जास्त पटेल ते निवडायचं. पैकी ६ जोड्या निव्वळ भरताड, चाचणीचा रोख कळू नये म्हणून घातलेल्या. उरल्या २३.

गोची अशी की या २३ जोड्यांत सगळंच आलंय. परीक्षेतलं यश, लोकांना आपण आवडणं, अगदी युद्धं का होतात हेसुद्धा. आता 'जग मूठभर सत्ताधारी चालवतात' असं मानणारा माणूस स्वतःच्या कामात घासून मेहनत करणारा असूच शकतो, पण इथे त्याचे गुण 'बाह्य' (म्हणजे ताबा आपल्याकडे नाही, बाहेर आहे) या खात्यात जमा होतात. 'लोकांचं काय होतं' आणि 'माझं काय होतं' हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे गुरिन आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्येच अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या अभ्यासात दाखवलं होतं.

पुढे हॅना लेव्हनसन यांनी 'बाह्य'चीही फोड केली. त्यांच्या २४ विधानांत ८ स्वतःच्या हातात असण्याबद्दल, ८ वजनदार लोकांबद्दल, ८ योगायोगाबद्दल. तिन्हींचे गुण वेगवेगळे. मला विचाराल तर ही जास्त प्रामाणिक चाचणी.

एम.ए.च्या प्रकल्पासाठी मी तिचं मराठी केलं होतं आणि योगायोगाच्या विधानांत बिनधास्त 'नशीब' लिहिलं होतं. एका वयस्कर बाईंनी चौथ्या विधानावर पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "नशीब आधीच लिहिलेलं असतं बाळा. योगायोग कुणीच लिहिलेला नसतो. तू नक्की काय विचारतोयस?" मला उत्तर देता येईना. एक शब्द दोन उलट समजुती एकाच रकान्यात कोंबत होता. तोवर भरून घेतलेले सगळे फॉर्म बाद करावे लागले. (मार्गदर्शक सरांचा चेहरा अजून आठवतो.)

दुसरा घोळ होकाराचा. आपण 'प्रयत्नांती परमेश्वर' यालाही मान डोलावतो आणि 'असेल माझा हरी तर देईल खाटल्यावरी' यालाही. 'सहमत-असहमत' पद्धतीच्या चाचण्यांत अशी माणसं गुण बिघडवतात. मिरोव्स्की आणि रॉस यांनी १९९१ मध्ये यावर तोड काढली: ताबा आहे म्हणणारी आणि नाही म्हणणारी विधानं सारख्याच संख्येने घ्यायची, म्हणजे उगाच दिलेले होकार एकमेकांना कापतात. रॉटर यांच्या चाचणीत दोन्ही विधानं समोरासमोर असल्याने हा त्रास नाही, पण तिथे 'दोन्ही थोडं थोडं पटतं' म्हणायची सोय नाही.

आता तुमचे १७. रॉटर यांचं म्हणणंच असं होतं, की 'हे आपल्या हातात आहे की नाही' ही अपेक्षा माणूस अनुभवातून शिकतो. चांगलं काम करूनही विभागच बंद झाला, तर 'माझं काय होणार ते दुसरेच ठरवतात' यावर खूण करणारा दैववादी कसा? त्याने घडलं तेच सांगितलं. चाचणी परत उघडा, जग, राजकारण, युद्ध यांच्या जोड्या बाजूला काढा आणि फक्त तुमच्याबद्दलच्या जोड्यांत किती खुणा उरतात ते मोजा. पुन्हा द्यायचीच असेल तर सहा-आठ महिन्यांनी द्या, आणि ती लेव्हनसनची.