कथासंग्रह स्वतःच छापायचाय, पेपरबॅक, ईबुक, ऑडिओ यातलं आधी काय करू?

बारा-पंधरा कथा असतील तर आधी ईबुक आणि पेपरबॅकची फाईल सोबतच तयार करा, ऑडिओ नंतर. पण त्याच्याही आधी एक बघा, मजकूर युनिकोडमध्ये (म्हणजे कुठल्याही मोबाईल-कॉम्प्युटरवर नीट दिसणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये) आहे का? डीटीपीवाले (पुस्तकाची पानं टाईप करून लावणारे) अजून सर्रास श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप करतात, छापायला ते चालतं पण ईबुकमध्ये त्याचा नुसता कचरा दिसतो, मग कन्व्हर्ट करा नि जोडाक्षरं परत तपासत बसा. ईबुक ईपबमध्येच (स्क्रीनप्रमाणे मजकूर जुळवून घेणारा फाईलचा प्रकार) करा, पीडीएफ मोबाईलवर वाचताना वैताग येतो.

पेपरबॅक डेमी, म्हणजे कथा-कादंबऱ्यांच्या नेहमीच्या साईझमध्ये काढा, आणि पानं १६ च्या पटीत बसवा, ऑफसेटला (जास्त प्रतींच्या छपाईला) फॉर्मा, म्हणजे एकत्र छापला जाणारा पानांचा संच, तसाच पडतो, नाहीतर कोऱ्या पानांचेही पैसे जातात. विक्रीचा अंदाज नसेल तर डिजिटल प्रिंटवर थोड्याच प्रती काढा. एका प्रतीला महाग पडतं खरं, पण पलंगाखाली गठ्ठे तरी साठत नाहीत.

आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, भारतात फुकट मिळतो, फक्त पेपरबॅक आणि ईबुकला वेगवेगळा लागतो. आणि हो, किंडलवर टाकताना केडीपी सिलेक्टवर (ईबुक फक्त किंडलवरच ठेवायची अ‍ॅमेझॉनची योजना) टिक करायच्या आधी थांबा! ९० दिवस ते ईबुक दुसरीकडे कुठेच देता येत नाही, त्यामुळे त्याच कथा प्रतिलिपी अ‍ॅपवर फुकट वाचायला ठेवल्या असतील तर अडचण होईल. छापील प्रतीला ही अट नाही.

ऑडिओ करायचाच तर एखादी संवादवाली कथा मोबाईलवर रेकॉर्ड करून बघा, स्वतःलाच ऐकायला बरं वाटलं तर पुढचा खर्च करा.