साइटवर अडखळून हात मोडला. 'तुझंच लक्ष नव्हतं' म्हणून ठेकेदार भरपाई नाकारू शकतो का?

नाही. पण हेच वाक्य मी दहा वर्षं ऐकतोय, म्हणून लिहायला बसलो.

2014, वाकड, सातव्या मजल्याचा स्लॅब. मी फिटर, म्हणजे सळईकामवाला. ठेका आमच्या दाजींचा. जाळी बांधून झालेली, सळया सहा-सहा इंचांवर. माझ्या खांद्यावर बारा एमएमच्या पाच सळयांचं पुढचं टोक, मागचं एका पोराकडे. पाच सळया म्हणजे पन्नास किलोच्या वर, आणि बारा मीटर लांब असल्यामुळे चालताना हेलकावतात. मान वाकडी करून चालणाऱ्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. बूट जाळीत अडकला, हात टेकला, मनगट गेलं. हातभर पुढे कॉलमच्या सळया उभ्या होत्या, त्यांच्यावर गेलो असतो तर संपलंच होतं.

सकाळीच म्हणालो होतो, "दाजी, चालायला फळ्या टाका." तर म्हणाले, "दुपारी काँक्रीटची गाडी येतेय, फळ्या उचलणार कोण?"

दवाखान्याचं बिल त्यांनी भरलं, खोटं कशाला बोलू. पण सहा आठवडे प्लास्टर होतं, त्यातल्या एका दिवसाची हजेरी लागली नाही. आणि अजून प्रत्येक लग्नात पंगतीला सांगतात, "याला जमिनीवर धड चालता येत नाही." ताईसमोर मी गप्प बसतो. जमीन नव्हतीच ती, दाजी.

तुमचं म्हणाल तर लक्ष नसणं हे भरपाई बुडवायचं कारण कायद्यात नाही. दारू प्यायलेले असाल किंवा सुरक्षेची सूचना मुद्दाम मोडली असेल तर गोष्ट वेगळी. तीन दिवसांपेक्षा जास्त काम बंद राहिलं असेल तर हक्क लागतो. तात्पुरत्या दुखापतीला दर पंधरवड्याला महिन्याच्या पगाराच्या 25 टक्के, म्हणजे महिन्याला निम्मा पगार. पडलात त्या जागेचा फोटो मात्र त्याच दिवशी काढून घ्यायचा. महिनाभर झाडू न लागलेली साइट अपघाताच्या संध्याकाळी लख्ख होते.

हो, पगारातून ईएसआय, म्हणजे कामगार विमा, कापत असतील तर ठेकेदाराकडे नाही, तिकडेच मागायचं. आणि मी वकील नाही.

आता माझा स्वतःचा छोटा ठेका आहे. जाळीवर फळ्या टाकतो. गाडी आली की दोन पोरं उचलतात, दहा मिनिटं लागतात. घड्याळ लावून मोजलंय.