लीगल एड क्लिनिकमध्ये (लॉ कॉलेजच्या मोफत कायदा-मदत केंद्रात) नवीन आहेस? मग एवढं कर

कलमं पाठ करत बसू नकोस. समोरच्या मावशींचं आधी पूर्ण ऐकून घे. भाड्याच्या भांडणापासून सुरू झालेली गोष्ट बरेचदा पोटगीवर येऊन थांबते. मूळ कागद ठेवून घेऊ नकोस, झेरॉक्स घे. नोटीस असेल तर पहिल्यांदा तारीख बघ.

नवे हमखास चुकतात ते इथे:

– ‘केस जिंकू’ असं बोलून जातात. अरे, तू अजून वकील नाहीस! कोर्टात उभे राहतील ते विधी सेवा समितीने नेमलेले वकील.
– सरसकट उत्पन्नाचा दाखला मागतात. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, कोठडीतली माणसं यांना मोफत कायदेशीर मदतीसाठी उत्पन्नाची अटच नाही.

ड्राफ्टिंगचं, म्हणजे अर्ज-नोटिसा लिहिण्याचं, पुढच्या सेमिस्टरला बघू. तोवर १५१०० ही कायदेशीर मदतीची हेल्पलाइन प्रत्येकाला चिठ्ठीवर लिहून दे.