वाचकांचे प्रश्न : संशोधनातली परिचर्या आणि वॉर्डातली परिचर्या

प्रश्न : मी मेडिसिन वॉर्डाची प्रभारी परिचारिका आहे. संशोधनात परिणामकारक ठरलेले उपाय आम्ही लागू करतो, पण आमच्याकडे तसा फरक दिसत नाही आणि मग अंमलबजावणीत कसूर झाली असे आम्हालाच ऐकवले जाते. चूक संशोधनाची की आमची?

उत्तर : ठपका कुणावर ठेवायचा हे ठरवण्याआधी त्या संशोधनाने नेमका कोणता प्रश्न हाती घेतला होता, हे पाहावे. निवडक रुग्ण, खास प्रशिक्षण घेतलेली माणसे आणि सततची देखरेख असताना उपाय लागू पडतो का, हा एक प्रश्न. आणि येतील ते रुग्ण, असेल ते मनुष्यबळ अशा रोजच्या परिस्थितीत त्याचा उपयोग होतो का, हा दुसरा. श्वार्ट्झ आणि लेलूश या फ्रेंच संशोधकांनी १९६७ मध्येच चाचण्यांमधला हा भेद मांडला होता. परिचर्येत त्याला अधिकच महत्त्व आहे, कारण गोळी कुणीही दिली तरी गोळी तीच असते. रुग्णाची कूस बदलण्याचे काम मात्र तिन्ही पाळ्यांत, वेगवेगळ्या हातांनी आणि बहुधा दुसरे एखादे काम अर्धवट सोडून होत असते.

याचे बोलके उदाहरण म्हणजे ऑस्ट्रेलियातील सहा रुग्णालयांच्या २४ वॉर्डांत झालेली, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेली चाचणी. रुग्ण पडू नयेत म्हणून तेथे धोक्याची नोंद, खाटेजवळ सूचनाफलक, स्वच्छतागृहात सोबत, चालण्याचा आधार हाताशी ठेवणे, शौचाच्या ठरावीक वेळा, कमी उंचीची खाट आणि गजर असे उपाय एकत्र आणले होते. वॉर्डांची चिठ्ठ्या टाकल्यासारखी विभागणी करून अर्ध्यांत हे उपाय केले गेले, उरलेल्यांत नेहमीचीच परिचर्या चालू राहिली. उपायांचा वापर खरोखर वाढला. तरीही रुग्ण पडण्याचे किंवा पडून इजा होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच राहिले. परिचारिकांनी काम केले होते आणि तरी फळ आले नव्हते. तेव्हा अपयश दिसले की ते अंमलबजावणीच्या माथी मारायचे, ही सवय मला अन्यायाचीच वाटते. मात्र हे ठामपणे म्हणता आले ते, काय केले गेले याची मोजदाद त्या संशोधकांनी ठेवली होती म्हणून.

उलट बाजूही आहे : संशोधनातली परिस्थिती आपल्याकडे नसेल, तर त्या संशोधनाचा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येत नाही. अमेरिका आणि कॅनडातील २७ शुश्रूषागृहांत दर दोन, तीन किंवा चार तासांनी कूस बदलून पाहिली, तेव्हा शय्याव्रणांच्या (एकाच कुशीवर पडून राहिल्याने होणाऱ्या जखमांच्या) प्रमाणात लक्षणीय फरक पडला नाही. हे वाचून कुणी चार तासांचा नियम लावायला निघेल. पण ते सर्व रुग्ण दाट फोमच्या गाद्यांवर होते, आणि ही अट वगळली तर तो निष्कर्ष आपल्या रुग्णाला लागू होतो असे म्हणता येणार नाही.

प्रश्न : नवी पद्धत सुरू केल्यावर आमच्याकडील शय्याव्रण सहा महिन्यांत कमी झाले. हा पुरावा मानावा का?

उत्तर : आनंद जरूर मानावा, पुरावा मात्र सावधपणे. मिशिगन राज्यातील १०३ अतिदक्षता विभागांत हात धुणे, निर्जंतुक आवरणे वापरणे, त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने स्वच्छ करणे, जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे अशी पंचसूत्री राबवल्यावर मध्यवर्ती शिरेतील नळीमुळे होणारा रक्तसंसर्ग ठळकपणे घटला, आणि २००६ मध्ये त्याचा मोठा गवगवा झाला. पुढे इंग्लंडमध्ये तोच उपक्रम विभागांना टप्प्याटप्प्याने दिला गेला, तेव्हा ज्यांची पाळी अजून आली नव्हती त्या विभागांतही संसर्ग घटताना दिसला. म्हणजे त्या काळात सुधारणेचे वारे सर्वत्रच वाहत होते, आणि फक्त आधीचा व नंतरचा आकडा पाहणाऱ्याने त्याचे सगळे श्रेय उपक्रमाला दिले असते.

आपल्याला एवढे करता येईल : बदलाच्या आधीच्या निदान वर्षभराच्या नोंदी काढून दर हजार रुग्णदिवसांमागे (एक रुग्ण एक दिवस वॉर्डात राहिला की एक रुग्णदिवस) नव्या शय्याव्रणांचा आकडा महिन्यागणिक आलेखावर मांडावा, तशाच नोंदी असलेला पण पद्धत न बदललेला दुसरा वॉर्ड शेजारी ठेवावा, आणि कूस बदलल्याच्या नोंदी केवळ तक्त्यावरून न घेता अधूनमधून प्रत्यक्ष पाहून पडताळाव्यात, कारण पाळी संपताना सगळ्या चौकटी एकदम भरल्या जातात, हे वॉर्डात काम केलेल्या कुणालाही ठाऊक असते. शोध कसून घेतला की नोंदलेले व्रण वाढतात, म्हणून तपासणीची पद्धत मध्येच बदलू नये.

प्रश्न : साध्या वॉर्डातील संशोधन दुय्यम दर्जाचे असते का?

उत्तर : मुळीच नाही. शिरेतील कॅन्युला (औषध किंवा सलाइन देण्यासाठी शिरेत ठेवलेली बारीक नळी) ठरावीक दिवसांनी बदलण्याचा रिवाज वर्षानुवर्षे चालत आला होता. परिचर्या संशोधक क्लेअर रिकार्ड आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड राज्यातील तीन रुग्णालयांत ३,२८३ रुग्णांवर चाचणी करून २०१२ मध्ये दाखवले, की दर तिसऱ्या दिवशी कॅन्युला बदलली काय किंवा दुखणे, सूज, लाली, अडथळा यांपैकी काही दिसल्यावरच बदलली काय, शिरेचा दाह दोन्ही गटांत ७ टक्केच होता. अर्थात, दुसऱ्या पर्यायात प्रत्येक पाळीत कॅन्युलाची जागा कुणीतरी नीट पाहायलाच हवी.