बांध घातले, तरी ओल का टिकत नाही?

प्रश्न : शेताला बांध घातले, खालच्या कोपऱ्यात तळंही खोदलं. तरी पावसानं आठ-दहा दिवस दडी मारली की पीक माना टाकतं. पाऊस कमी नसतो, पण जमीन पाणी धरत नाही. काय करावं?

उत्तर : बांध आणि तळं ही वाहून आलेल्या पाण्याची सोय आहे. मुळांना लागणारी ओल मात्र पाऊस जिथे पडला तिथेच जिरलेल्या पाण्याची असते. एका एकरावर २५ मिलीमीटर पाऊस झाला तर सुमारे १ लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं किती जमिनीत शिरलं, हे आधी पाहू. तीन चाचण्या घरच्या घरी होतात, आणि त्या केल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका, असं मी सांगेन.

पहिली चाचणी डब्याची. तळ काढलेला, साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचा डबा अर्धा जमिनीत ठोका आणि त्यात ४५० मिलिलिटर पाणी हळूच ओता. हे २५ मिलीमीटर पावसाएवढं पाणी झालं. ते जिरलं की पुन्हा तेवढंच ओता आणि या दुसऱ्या वेळेला घड्याळ लावा. हीच चाचणी बांधावरच्या झाडाखाली, जिथे कधी नांगर फिरला नाही, तिथेही करा. माती तीच, पाऊस तोच. दोन्हीकडच्या वेळेत जो फरक पडेल, तेवढं आपल्या वहितीनं जमिनीचं तोंड बंद केलंय असं समजा.

दुसरी चाचणी ढेकळाची. वाळलेलं ढेकूळ पाण्याच्या ग्लासात सोडा. काही मिनिटांतच ते ढासळून तळाशी बसलं, तर मातीच्या कणांना धरून ठेवणारा सेंद्रिय चिकटा संपलाय. अशा उघड्या मातीवर पावसाचे थेंब आपटले की बारीक कण सुटे होतात, छिद्रांत बसतात आणि वर पापुद्रा धरतो. मग पाणी जिरण्याऐवजी पळतं. पण ढेकळाभोवतीचं पाणी दुधाळ झालं आणि दुसऱ्या दिवशीही निवळलं नाही, तर दुखणं वेगळं आहे. तिथे सोडियम वाढल्याची शंका घ्यावी. अशा चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या जमिनीला जिप्सम लागतं, मात्र किती ते माती परीक्षणावरूनच ठरवा. शिवाय निचरा नसेल तर सुटलेला सोडियम जाणार कुठे? म्हणून आधी चर काढा, मग जिप्सम घाला.

तिसरी चाचणी पहारीची. वाफसा असताना पहार हातानं दाबत न्या. वीतभर खाली गेल्यावर अडली, आणि तिथेच उपटलेल्या झाडाची मुळं आडवी वळलेली दिसली, तर खाली नांगराचा कडक थर बसला आहे. दरवर्षी एकाच खोलीची नांगरट आणि ओल्या रानात घातलेलं ट्रॅक्टर, ही त्याची नेहमीची कारणं. थर फोडायला सबसॉयलर, म्हणजे खोल जाणारं ट्रॅक्टरचं अवजार, चालतो, पण जमीन कोरडी असतानाच, थराच्या थोडं खाली, उताराला आडवा. ओल्या मातीत तो थर फुटत नाही, उलट लिंपला जातो. फोडल्यावर लगेच तूर, एरंड किंवा ताग अशी सोटमुळाची पिकं घ्या, नाहीतर एक-दोन हंगामांत तो पुन्हा बसतो.

पापुद्र्यावर आच्छादनासारखा दुसरा उपाय नाही. धसकटं, पालापाचोळा, तण फुलोऱ्यावर येण्याआधी कापून जागेवरच टाकलेलं, काहीही चालेल. माती उघडी राहू नये, एवढंच पाहायचं. पिकाचे अवशेष जाळणं आजच थांबवा. हे मी कळकळीनं सांगतो, कारण जमिनीवरचं छप्परच आपण पेटवत असतो.

मातीतला सेंद्रिय कर्ब, म्हणजे कुजलेल्या पालापाचोळ्या-शेणखतातला कार्बन, वाढला की एकरी लाखो लिटर पाणी साठतं, असंही तुम्ही ऐकलं असेल. पण जगभरातल्या नोंदी एकत्र करून पाहिलं तेव्हा सेंद्रिय कर्ब १ टक्क्यानं वाढल्यावर १० सेंटिमीटर मातीत पिकाला मिळणारं पाणी सरासरी सव्वा मिलीमीटरच्या आतबाहेर वाढलेलं दिसलं. वरच्या ३० सेंटिमीटरचा हिशेब केला तर एकरी १४-१५ हजार लिटर. तरीही कर्ब हवाच. ढेकूळ टिकतं, गांडुळं येतात, पाण्याला वाटा मिळतात, आणि साठ्यापेक्षा हा फायदा मोठा आहे.

प्रश्न : शेतात घळ पडली आहे. खाली तोंडाशी पक्का बंधारा बांधू का?

उत्तर : नको. सुरुवात घळीच्या डोक्यापासून, तिच्याही वरच्या उतारापासून करा. वरचं पाणी समपातळीत फिरवून पसरवलं की खालचा जोर आपोआप उतरतो. मग घळीत दगडांचे बुटके बांध घाला. खालच्या बांधाचा माथा वरच्या बांधाच्या पायथ्याच्या पातळीत आला की अंतर बरोबर. मधोमध बांध खोलगट ठेवा, दोन्ही टोकं काठात खोल रुतवा आणि खालच्या अंगाला दगड पसरा. टोकं रुतवली नाहीत तर पाणी बगलेनं काठ कापून जातं. माझ्या पाहण्यातले बहुतेक बांध असेच गेले. जाग्यावर बसलेल्या गाळात गवत लावा आणि निदान पहिला हंगाम गुरं आत सोडू नका.

प्रश्न : एका तुकड्यावर गवतसुद्धा उगवत नाही. तो सोडून द्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातले शेतकरी याकुबा सावादोगो यांनी १९८०च्या दशकात अशाच दगडासारख्या झालेल्या जमिनीवर पारंपरिक ‘झाई’ खड्डे सुधारून वापरले. कोरड्या दिवसांतच खड्डे काढून त्यांत शेणखत घालायचं. खताला वाळवी येते, ती जमिनीत बोगदे करते आणि पहिला पाऊस त्यांतून खोल जातो. खड्डे २० ते ३० सेंटिमीटर रुंद, वीतभर खोल, आडव्या ओळींत आणि एकाआड एक घ्या. मजुरी खूप लागते, म्हणून आधी एक गुंठा करून पाहा. पण भूजल खारं आणि अगदी वर असेल तर तिथे पाणी जिरवायची घाई करू नका. पातळी चढली की क्षार वर येतात.

प्रश्न : फरक दिसायला किती वर्षं?

उत्तर : आच्छादनाचा त्याच हंगामात. कडक थर मोडल्याचा पुढच्या पिकात. कर्बाला बरीच वर्षं लागतात, उष्ण हवेत तो लवकर कुजून जातो म्हणून दरवर्षी भर घालावी लागते. डब्याची चाचणी दरवर्षी त्याच जागी, शक्यतो तेवढ्याच ओलीवर करून वेळ वहीत लिहून ठेवा. पुढचा प्रश्न पाठवताना ती वेळ, ढेकळाचं काय झालं आणि पहार किती खोल गेली, एवढं कळवा.